आधी कोट, मग बंदूक

प्लास्टिकचे इवलेसे सैनिक जोडून रंगवणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. एक पंथ आधी सगळा सैनिक जोडतो आणि मग ब्रश हातात घेतो. दुसरा सुटे भाग रंगवून घेतो आणि मग ते एकत्र आणतो. दोन्हीकडची माणसं आपल्या मताला चिकटून असतात. खर्ड्याची लढाई टेबलावर मांडायचा ध्यास मला बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि माझ्यापुरता हा वाद मिटवला तो निजामाच्या छावणीतल्या बायकांच्या पलटणीनं.

लढाई वाचकांना ठाऊक आहेच. चौथाईची थकबाकी, नाना फडणविसांची मुत्सद्देगिरी आणि सवाई माधवरावांच्या नावाखाली शेवटची एकत्र आलेली मराठी सरदारांची फौज. सेनापती परशुरामभाऊ पटवर्धन. दौलतराव शिंद्यांच्या कवायती पलटणी फ्रेंच सेनानी पेराँच्या हाताखाली, तर समोर हैदराबादचा निजाम निजामअली याच्या पलटणी फ्रेंच सेनानी रेमाँच्या हाताखाली. ११ मार्च १७९५ रोजी दिवसभरात निकाल लागला नव्हता. घात रात्री झाला. पाण्याच्या शोधात निघालेली मराठ्यांची एक लहानशी टोळी ओढ्याकाठच्या निजामाच्या मोगली शिपायांच्या समोर आली. गोळ्या सुटल्या, रेमाँच्या पहारेकऱ्यांनीही झाडल्या, आणि बघता बघता सगळी रांग अंधारात बार काढू लागली. निजामअली मागे सरला आणि निंबाळकरांनी बांधलेल्या खर्ड्याच्या भुईकोटात जाऊन बसला. तिथं तो कोंडला गेला. तहात त्याचा दिवाण मुशीर-उल्-मुल्क याला ओलीस म्हणून मराठ्यांच्या हवाली व्हावं लागलं.

जामखेड तालुक्यातला हा चौकोनी, काळ्या दगडाचा कोट आजही उभा आहे. त्याचं मॉडेल करणं अवघड नाही. अवघड आहेत ती माणसं.

नेहमीच्या १:७२ प्रमाणात साडेपाच फुटी शिपाई जेमतेम २३ मिलिमीटरचा होतो. त्याचं डोकं, हात, बंदूक आणि पडशी वेगवेगळी येतात. 'आधी जोडा' म्हणणाऱ्यांचा आधार रसायनशास्त्राचा आहे आणि तो भक्कम आहे. कडक प्लास्टिकचे संच पॉलिस्टायरीनचे असतात. त्यांच्यासाठीचा द्राव नुसता चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांना एकजीव करतो. मध्ये रंगाचा थर आला की हे घडत नाही. सुपरग्लू रंगावर धरतो खरा, पण तो धरतो रंगाच्या पापुद्र्याला. धक्का लागला की पापुद्र्यासकट हात निखळतो. शिवाय चौकटीवरून भाग कापला की तिथं उघडं प्लास्टिक दिसतं आणि साच्याच्या दोन पाळ्यांमधली रेघ घासून काढावी लागते. सांध्यातली फट पुट्टीनं बुजवायची तर तीही घासायला हवी. आधी रंगवलं असेल तर हे सगळं रंगावर होतं आणि रंग पुन्हा द्यावा लागतो. वरून फिका प्रायमर मारून उजेड-सावली आधीच पाडून घ्यायची युक्तीही जोडलेल्या आकृतीवरच नीट साधते.

आपल्याकडच्या कारागिरांनाही हा क्रम परका नाही. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत साच्यातून धड निघालं की हात जोडतात, ओल्या बोटानं सांधा मिटवतात, मूर्ती वाळवतात, मग रंग देतात. डोळ्यांची आखणी सगळ्यात शेवटी. उलटा क्रमही आपल्याच देशात आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणला काळ्या कुड्याचं लाकूड चरकावर फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून चढते. म्हणजे खेळण्याचा प्रत्येक भाग जोडणीच्या आधीच रंगून तयार असतो, कारण जोडलेलं खेळणं चरकावर फिरवता येत नाही. दोन्ही ठिकाणी क्रम ठरवला तो पदार्थानं आणि अवजारानं. कोणता क्रम श्रेष्ठ, हा प्रश्न मला म्हणूनच अपुरा वाटतो. ब्रश कुठं पोचतो आणि सांधा कुठं लपतो, हे आधी पाहायला हवं.

घोडेस्वाराचं उदाहरण घ्या. या मोहिमेतला सर्वांत नाट्यमय क्षण परशुरामभाऊंवरच्या हल्ल्याचा. निजामाकडचा लालखान बलुच थेट भाऊंपर्यंत पोचला, त्यानं त्यांना जखमी केलं आणि भाऊंच्या मुलानं लालखानाला मारलं. हे दृश्य करायचं तर स्वार आणि घोडा वेगळे रंगवण्याला पर्याय नाही. स्वार खोगिरावर चिकटवल्यावर मांडीची आतली बाजू आणि खोगिराची कड ब्रशला सापडत नाही. इथं पहिल्या पंथातले लोकही मुकाट्यानं दुसऱ्या पंथात येतात.

आता ती पलटण. निजामअलीच्या जनानखान्याच्या रक्षणासाठी बायकांचं एक सैन्य होतं. त्याचं नाव जफर पलटण, म्हणजे विजयी पलटण. खर्ड्याला त्यांच्या दोन तुकड्या होत्या, प्रत्येकी सुमारे हजार बायकांच्या. त्यांच्या अंगात इंग्रजी धर्तीचे लाल कोट होते, हातात बंदुका होत्या आणि त्यांची कवायत फ्रेंच पद्धतीची होती. मामा बरुण आणि मामा चंपा या दोघी त्यांचं नेतृत्व करत. निजामाच्या घरातल्या या मुरलेल्या, विश्वासू सेविका होत्या. विल्यम डॅलरिंपल यांच्या २००२ सालच्या 'व्हाइट मुघल्स'मुळे ही नावं आजच्या वाचकांपुढे आली. तरी खर्ड्यावरच्या आपल्या लेखनात त्यांना जागा मिळालेली मला फारशी दिसत नाही.

मात्र जनानखान्यातल्या दुसऱ्या एका बाईचं नाव या पराभवाला कायमचं चिकटलं आहे. निजामाची ज्येष्ठ बेगम बक्षी बेगम तोफांच्या आवाजानं घाबरली, कोटाच्या आश्रयाला नेलं नाही तर चारचौघांत पडदा दूर सारीन अशी तिनं धमकी दिली, आणि म्हणून निजामअली खर्ड्याच्या कोटात शिरला, असं सांगितलं जातं. ती घाबरली असेलही. पण त्या रात्री रेमाँच्या कवायती रांगाही अंधारात बेभान गोळीबार करत होत्या, आणि त्यांना कुणी भित्र्या म्हणत नाही. आणि तिच्याच जनानखान्याच्या भोवती दोन हजार बायका बंदुका घेऊन उभ्या होत्या. घाबरलेली बेगम गोष्टीत राहिली आणि सशस्त्र बायका गळून गेल्या, हा मला या लढाईवरच्या लेखनातला मोठा अन्याय वाटतो.

म्हणून खर्ड्याच्या माझ्या मांडणीत त्यांची रांग हवीच, आणि इथं रंगाच्या क्रमाचा प्रश्न खरा पेटतो. या पलटणीसाठी तयार संच मिळत नाही. लाल कोटवाल्या शिपायांची धडं घ्यायची, त्यांवर दुसऱ्या संचातली डोकी बसवायची आणि मान व खांदे पुट्टीनं नव्यानं घडवायचे. पुट्टीचं काम म्हटलं की पहिल्या पंथाचं म्हणणं निमूट मानावं लागतं: आधी जोड, मग घासणं, मग रंग. पण बंदूक छातीशी आडवी धरलेली असली तर जोडल्यावर कोटाची पुढची बाजू तिच्याआड जाते. या बायकांबद्दल जे थोडं खात्रीनं सांगता येतं, त्यातला हा कोट आहे. ब्रश पोचत नाही म्हणून बंदुकीमागे कळकट सावली सोडून द्यायची, हे इतर शिपायांच्या बाबतीत एकवेळ चालेल. इथं मला ते मान्य नाही.

तेव्हा क्रम असा. धड, पाय, डोकं आणि पुट्टी आधी एकजीव करायची, घासायची आणि प्रायमर द्यायचा. हात आणि बंदूक वेगळ्या काडीवर लावून ठेवायची. जिथं सांधा येणार त्या जागा प्रायमरच्या आधी मास्किंग टेपच्या तुकड्यानं झाकायच्या, म्हणजे तिथं उघडं प्लास्टिक शिल्लक राहील आणि द्राव आपलं काम करेल. मग कोट पूर्ण रंगवायचा, बंदुकीआड जाणार असलेला भागही. शेवटी हात आणि बंदूक जोडून खांद्याच्या सांध्यावर रंगाचा एक बारीक हात फिरवायचा. दोन्ही पंथांच्या मधली ही वाट जगभरचे मॉडेलकार वापरतात. तिला वेळ जास्त लागतो आणि काड्यांवर लावलेले हात हरवू नयेत म्हणून जपावं लागतं. दोन हजारांच्या पलटणीचं प्रतिनिधित्व करणाऱ्या वीस आकृत्यांसाठी एवढा त्रास मला रास्त वाटतो.

दिवाळीत महाराष्ट्रभर घराघरांपुढे किल्ले उभे राहतात आणि त्यांवर मावळे मांडले जातात. खर्ड्याच्या परिसरातल्या मुलांनी या वर्षी आपल्या गावचा भुईकोट करावा. त्याच्या तटाबाहेर रेमाँ आणि पेराँचे शिपाई असावेत, आणि तटाच्या आत बक्षी बेगमेच्या डेऱ्याभोवती लाल कोटातल्या बायका बंदुका घेऊन उभ्या असाव्यात. मामा बरुण आणि मामा चंपा यांच्या आकृत्या वेगळ्या ओळखू येतील अशा करा आणि पायथ्याशी त्यांची नावं लिहा.