फोन दोन, पण चर एकच

दुकानाचा फोन सारखा एंगेज लागला की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाचा नंबर फिरवते. म्हणून मोठ्या पेढ्यांनी पीआरआय लाईन घेतली. या एका जोडणीत ६४ किलोबिटचे ३२ कप्पे असतात. त्यातले ३० बोलण्यासाठी, उरलेले दोन ताळमेळ आणि सूचनांसाठी. म्हणजे नंबर एक आणि एकाच वेळी तीस जण बोलतात. आता हेच काम इंटरनेटवरून होते आणि त्याला एसआयपी ट्रंक म्हणतात. खर्च कमी येतो, हे खरे.

पण एक गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही. तांब्याच्या तारेवरच्या साध्या फोनला एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीतून वीज मिळे. गावात अंधार असला तरी काळा डबा खणखणायचा. फायबर म्हणजे काच, तिच्यातून वीज येत नाही. भिंतीवरच्या पेटीला वीज आपणच पुरवायची. आमच्या परिचयाच्या एका कापड व्यापाऱ्याने नवी यंत्रणा बसवली. इन्व्हर्टरवर दिवे, पंखे, गल्ल्याचा संगणक सगळे घेतले, ती पेटी मात्र राहिली. ऐन सणाच्या खरेदीत दुपारी वीज गेली. दुकानात लख्ख उजेड, आणि ऑर्डरचे फोन बंद! कार्डाचे यंत्रही त्याच लाईनवर होते. दोन तासांनी शेजाऱ्याने विचारले, "शेठ, आज फोन का उचलत नाही?" तेव्हा कुठे उलगडा झाला.

तेव्हा दुकान बंद करण्यापूर्वी एकदा मेन स्विच पाडावा आणि मोबाईलवरून स्वतःचाच नंबर लावून पाहावा. पाच मिनिटांचे काम आहे.

दुसरी लाईन घेणाऱ्यांनीही जपून राहावे. कंपन्या दोन असल्या तरी तारा पुष्कळदा एकाच चरातून येतात आणि जेसीबीचा एक फटका दोन्ही तोडतो. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन केबली तुटल्या आणि भारतातील इंटरनेट रखडले. केबली वेगळ्या होत्या, वाट मात्र जवळपास एकच. आपल्या गल्लीतही तेच घडते. म्हणून करारावर सही करण्यापूर्वी तार कोणत्या रस्त्याने येणार हे विचारावे. एक जोडणी जमिनीखालून आणि दुसरी मोबाईलच्या सिमवरून घेतली, तर छोट्या दुकानाला तेवढे पुरते.