कळा येण्यापूर्वीचा निर्णय

पैनगंगेच्या दक्षिणतीरी, आदिलाबाद जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांतील लेकीसुना बाळंतपणास माहेरी जातात. कित्येकींचे माहेर तर नदीपलीकडे. दुसरे अपत्य झाले की, पाचवीच्या पूजेच्या गडबडीतच ‘आता शस्त्रक्रिया उरकून घे’ असा वडीलधाऱ्यांचा आग्रह सुरू होतो.

या घाईस कारण आहे. प्रसूतीनंतर काही दिवस गर्भाशय वर असल्याने बेंबीखालील लहानशा छेदातून गर्भनलिका बांधता येतात. शासकीय नियमांनुसार हे सात दिवसांच्या आत करावे. मुदत टळल्यास सहा आठवडे थांबावे. परंतु कळा सोसणाऱ्या वा गुंगीतील स्त्रीची संमती घेऊ नये, हेही तेच नियम सांगतात. पतीची सही त्यांना आवश्यक वाटत नाही. तिची स्वतःची मात्र हवीच.

बांधलेली नलिका पुन्हा जोडली तरी मूल होईलच, अशी शाश्वती नाही. म्हणून हा विचार गरोदरपणीच, शांतपणे, पतिपत्नींनी करावा. मन द्विधा असेल तर तांबी आहे; पुरुषाची नसबंदी तर अधिक सोपी. बारसे बाराव्या दिवशी ठरलेलेच असते. हा निर्णय मात्र तिच्या मनाने ठरवावा, असे आम्हांस वाटते.