संरक्षणाच्या ताळेबंदातील राहून गेलेली तरतूद

सैन्य म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर हिमालयाची सरहद्द येते. प्रत्यक्षात आपल्या कारंज्याच्या पूर्वेस, वर्धा नदीकाठच्या पुलगावी देशातील सर्वांत मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागली, अधिकारी व अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले आणि आसपासची गावे रातोरात रिकामी झाली. सदोष रणगाडाविरोधी सुरुंगांतून टीएनटी पाझरत होते, असे पुढे आले. २० नोव्हेंबर २०१८ रोजी सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या ठिकाणी पुन्हा स्फोट होऊन ६ जण दगावले. त्यांत रोजंदारीचे मजूर होते. उरलेले धातूचे तुकडे वेचून विकणे, ही तेथील गरिबांची मिळकत.

मुदत संपलेला माल म्हणजे काय, हे आपणा व्यापाऱ्यांना सांगावयास नको. दारूगोळाही कालांतराने मालमत्ता न राहता देणे बनतो. टीएनटीचे अवशेष मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आरडीएक्स तर सहज भूजलात उतरते. बँकेत आम्ही बुडीत कर्जासाठी तरतूद करीत असू. येथे मातीसाठी आणि पाण्यासाठी तशी तरतूद कोठे दिसते?

२०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयास सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपये मिळाले, पर्यावरण मंत्रालयास सुमारे ३,४१३ कोटी. म्हणजे जवळजवळ २०० पट. ही तुलना सर्वस्वी न्याय्य नाही, हे मान्य. संरक्षणाच्या रकमेत निवृत्तिवेतन येते, आणि पर्यावरणावर राज्येही खर्च करतात. शिवाय आपल्या शास्त्रांनी गृहस्थाची विरोधी हिंसा संकल्पी हिंसेहून वेगळी मानली आहे; देशरक्षणास माझा आक्षेप नाही.

आक्षेप कारभारास आहे. २००६ च्या पर्यावरण परिणाम अधिसूचनेने संरक्षणविषयक प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळले. गरीब देशांत असेच घडते: खर्च गुप्त, म्हणून त्याचे परिणामही गुप्त. भांडारात काय ठेवले आहे, ते अवश्य गुप्त असावे. कुंपणाबाहेरील विहिरीत काही उतरले की नाही, ते गुप्त राखण्याचे कारण मात्र समजत नाही. त्या पाण्याचा तपासणी अहवाल दरवर्षी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावल्याने कोणत्या शत्रूचा लाभ होणार आहे?