मणक्यातील स्क्रूची पकड कशी तपासतात?

नाशिकच्या इंदिरानगर परिसरात सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत उमेदीची वर्षे घालविलेली अनेक कुटुंबे राहतात. आटे, पिच, टॅपिंग हे शब्द अशा घरांना परके नाहीत. सागवानात बसविलेला स्क्रू आणि भुसभुशीत लाकडात बसविलेला स्क्रू यांतील फरकही तेथे समजावून सांगावा लागत नाही. मात्र घरातील वृद्धाच्या मणक्यात स्क्रू बसविण्याची वेळ येते, तेव्हा चर्चा बहुधा 'देशी की विदेशी' आणि 'स्वस्त की महाग' एवढ्यापुरतीच राहते. तो स्क्रू कशात बसणार आहे, हा अधिक महत्त्वाचा प्रश्न मागे पडतो.

मणक्याच्या पुढील गोल भागाला मागील कमानीशी जोडणारे हाडाचे दोन आखूड दांडे असतात. त्यांना पेडिकल म्हणतात. या दांड्यांतून स्क्रू घालण्याची पद्धत १९६०च्या दशकात फ्रेंच शल्यविशारद रेमंड रॉय-कामिल यांनी रूढ केली. मणका सरकणे, अस्थिभंग किंवा कण्याची वक्रता अशा विकारांत हे स्क्रू सळ्यांनी एकमेकांना जोडले जातात आणि हाडे सांधली जाईपर्यंत कण्याला स्थिर ठेवतात. दरम्यान स्क्रू सैल झाला, तर सांधणी रखडते, वेदना परततात आणि काही रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

पकड मोजण्याची रीत

अमेरिकेतील 'एएसटीएम' या संस्थेच्या एफ ५४३ या मानकात हाडांच्या स्क्रूंची चाचणी सांगितली आहे. माणसामाणसांची हाडे भिन्न असल्याने त्यांच्या जागी ठरावीक घनतेच्या पॉलियुरेथेन फोमचा ठोकळा वापरतात. त्यात आधी भोक पाडून स्क्रू मिनिटाला तीन फेरे इतक्या संथ गतीने २० मिलिमीटर खोल बसवितात. मग त्याचे डोके यंत्राच्या जबड्यात धरून तो सरळ रेषेत, मिनिटाला पाच मिलिमीटर या वेगाने ओढला जातो. ओढताना लागलेले सर्वाधिक बल म्हणजे त्या स्क्रूची पकड. ती न्यूटनमध्ये नोंदवितात. हजार न्यूटन म्हणजे सुमारे १०२ किलो वजनाइतका ओढा.

या चाचणीत स्क्रू सहसा मोडत नाही. तो निघतो तेव्हा आट्यांमध्ये फोम भरलेला असतो आणि ठोकळ्यात गोल पोकळी उरते. धातू शाबूत राहतो. कातरला जातो तो भोवतालचा पदार्थ. म्हणून पकड प्रामुख्याने चार गोष्टींवर ठरते: स्क्रूचा बाह्य व्यास, आत गेलेली लांबी, आट्यांची खोली व पिच आणि भोवतालच्या पदार्थाचा कणखरपणा. पहिल्या तिन्ही गोष्टी स्क्रूच्या घडणीत आणि निवडीत येतात, चौथी मात्र रुग्णाची स्वतःची असते. व्यास साडेपाचवरून साडेसहा मिलिमीटर केला, तर हिशेबाने पकड सुमारे १८ टक्के वाढते. फोमची घनता दुप्पट केली, तर ती दुपटीहूनही अधिक वाढते. शिवाय व्यास हवा तेवढा वाढविता येत नाही. पेडिकल अरुंद असेल तर ते फुटण्याचा धोका असतो.

चाचणीच्या मर्यादा

फोम सर्वत्र सारखा असतो. हाड बाहेरून टणक आणि आतून जाळीदार असते. हा फोम हाडाची हुबेहूब नक्कल नव्हे, असे त्याच्याविषयीचे एफ १८३९ हे मानकच स्पष्ट करते. शिवाय शरीरात स्क्रूला कोणी सरळ ओढत नाही. उठता-बसता, वाकता-चालताना तो वर-खाली हेलकावतो आणि भोवतालचे हाड हळूहळू झिजवतो. यासाठी स्क्रू व सळ्यांच्या जोडणीवर एफ १७१७ मानकानुसार ५० लाख आवर्तनांपर्यंत भार देऊन तपासणी करतात. पण तीही जोडणी प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांवर उभारलेली असते आणि तिच्यातून मुख्यतः धातूचा थकवा कळतो. तात्पर्य, या चाचण्यांतून दोन स्क्रूंची तुलना होते, विशिष्ट रुग्णाच्या पाठीची हमी मिळत नाही.

आपल्याकडे अशा प्रत्यारोपणांची गुणवत्ता व परवाने १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येतात. तथापि, उत्तम स्क्रूही ठिसूळ हाडात दुबळा ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार 'डेक्सा' तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असल्यास ऑस्टिओपोरोसिस समजला जातो. असे आधीच कळले, तर शल्यविशारद अधिक मणक्यांचा आधार घेऊ शकतात, टॅपिंग कमी व्यासाचे करू शकतात किंवा स्क्रूभोवती अस्थिसिमेंट भरू शकतात. सिमेंट बाहेर झिरपण्याचा धोका असल्याने तो निर्णय तारतम्यानेच घ्यावा लागतो. शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर आधी हाडे बळकट करणारी औषधेही देता येतात.

तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी स्क्रूची किंमत आणि कंपनी अवश्य विचारावी. पण त्याआधी 'हाडांची घनता तपासली आहे का?' हे डॉक्टरांना विचारावे. स्क्रूची ताकद प्रयोगशाळेत मोजलेली असते, हाडाची ताकद मात्र प्रत्येक रुग्णागणिक नव्याने मोजावी लागते.