वाक्प्रचाराचा सातबारा

वाक्प्रचार कुठून आला, असे विचारले की एखादी चटकदार गोष्ट पुढे येते आणि शोध तिथेच थांबतो. इंग्रजीतही तेच. ढोबळ अंदाजाला तिथे ‘रूल ऑफ थंब’ म्हणतात. नवऱ्याने अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारावे, असा कायदा होता, त्यावरून हे आले, असे छातीठोकपणे सांगतात. तसा कायदा कुणाला दाखवता आलेला नाही; उलट अंदाजाने केलेले काम याच अर्थाने हे शब्द सतराव्या शतकातल्या छापील मजकुरात आढळतात. आपल्या ‘ध चा मा’चेही तसेच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला, हे निर्विवाद. त्यांच्या काकू आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, यावर मात्र अभ्यासकांत वाद आहे. आनंदीबाईंनी फिरवलेले एक अक्षर लक्षात राहते, म्हणून ते खरे ठरत नाही. इतिहासाला अस्सल कागदाचा आधार मागणारे वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यात वारले. त्यांची ती कसोटी वाक्प्रचारांनाही लावायला हवी.

लावली की खानदेशातली वाट राजवाड्याकडे न जाता चावडीकडे जाते. ‘सातबारा कोरा करा’ ही मागणी जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक गावात ऐकू येते. उतारा खरोखर कोरा झाला तर शेतकरी हवालदिलच होईल, कारण त्यावर त्याचे नाव आणि गट क्रमांक असतो. गाव नमुना सात हक्काचा, बारा पिकांचा. कर्जाचा बोजा चढतो ‘इतर हक्क’ या रकान्यात. कोरा व्हायला हवा तो हा रकाना. ‘सोळा आणे खरे’ यामागेही रुपयाचा सोळा आण्यांचा हिशेब आहे. महसूल खात्याने पीकही आण्यांतच मोजले. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, कागदावर ‘पैसेवारी’ झाली. शेतकऱ्याच्या तोंडी ‘आणेवारी’ राहिली. याच भागात १८५२ साली सावदा, यावल, एरंडोलकडचे शेतकरी जमीनमोजणीविरुद्ध उठले होते. ज्या दप्तरावर पोट अवलंबून, त्याचे शब्द बोलण्यात खोल रुतणारच, असे मला वाटते.

यावर रास्त आक्षेप असा, की निरक्षरांच्या बोलीला कागद कुठून आणायचा? तिथे कामाची रीत हाच पुरावा. ‘जात्यातले रडतात, सुपातले हसतात’ ही म्हण समजायला कुठल्या राजाची कथा लागत नाही. सुपातले दाणेही थोड्या वेळाने जात्यात जाणार, हे दळणारीला रोज दिसते. आसोद्याच्या कवयित्री बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्यांचे शब्द मुलगा सोपानदेव यांनी जपले, अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये ते छापले गेले, म्हणून आज ते तपासता येतात. अहिराणी आणि लेवा बोलीतल्या म्हणी टिपताना त्यामागचे अवजार, त्याचे भाग आणि ते चालवणारा हातही नोंदवला पाहिजे. मोट आणि जाते वापरलेली माणसे आज म्हातारी झाली आहेत.