घाटउतार आणि इंजिनाचा रोध

देहू-चाकण परिसरातील कारखान्यांचा माल न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराकडे नेताना अवजड वाहनांना बोरघाट उतरावा लागतो. खंडाळा ते खोपोली ही उतरण सुमारे 500 मीटर उंचीची आहे. 25 टनांचे वाहन ती उतरते, तेव्हा सुमारे 12 कोटी ज्यूल स्थितिज ऊर्जा मुक्त होते. केवळ ब्रेकने वेग आवरल्यास ही ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते; ड्रम व लायनर अतितप्त होऊन घर्षण घटते आणि ब्रेक निकामी होतो.

वाहन खालच्या गिअरमध्ये असल्यास चाकेच इंजिन फिरवितात. इंजिनातील घर्षण आणि हवा ओढणे, दाबणे व बाहेर टाकणे यांत बरीच ऊर्जा खर्ची पडते. गिअर जितका खालचा, तितका हा रोध अधिक.

डिझेल वाचविण्यासाठी काही चालक वाहन न्यूट्रलमध्ये सोडतात. वस्तुतः आधुनिक इंजिनात गिअर कायम ठेवून ॲक्सिलरेटर सोडल्यास इंधनपुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवण्यास डिझेल लागतेच. इंजिनच बंद केल्यास एअर ब्रेकचा कंप्रेसरही थांबतो. सारांश, न्यूट्रलमुळे बचत होत नाही, सुरक्षितता मात्र गमावली जाते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकणे हाच शास्त्रसंमत मार्ग होय.