माइल्स कुणाच्या खिशातून येतात?

घरभाडे क्रेडिट कार्डावर भरा, मिळालेले पॉइंट्स विमान कंपनीच्या माइल्समध्ये बदला आणि बिझनेस क्लासने युरोपला जाऊन या, असा सल्ला देणारे आता पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतही सहज भेटतात. या सल्ल्यांतल्या काही युक्त्या अगदी सरळ असतात, काही करार मोडणाऱ्या असतात आणि काही उघड फसवणुकीच्या. सांगणारे मात्र तिन्ही एकाच दमात सांगतात, त्यामुळे नवख्या माणसाला त्यांतला फरक कळत नाही. तो कळण्यासाठी आधी माइल्स कसे तयार होतात, त्यांचे पैसे कोण भरतो आणि ते शेवटी कुणाच्या मालकीचे असतात, हे क्रमाने पाहायला हवे.

माइल्स कसे तयार होतात

१९७८ साली अमेरिकेने विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण कायद्याने उठवले आणि कंपन्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली. प्रवासी टिकवून ठेवण्यासाठी अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘अ‍ॅडव्हांटेज’ ही योजना आणली. युनायटेडने काही दिवसांतच आपली योजना जाहीर केली. जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा होतील आणि पुरेसे साठले की तिकीट मिळेल, एवढी साधी ती कल्पना होती. एरवी रिकामी जाणारी सीट दिल्याने कंपनीचा खर्च फारसा वाढत नव्हता.

पुढे या व्यवहारात बँका आल्या. बँक विमान कंपनीकडून माइल्स घाऊक विकत घेते आणि कार्डधारकाला बक्षीस म्हणून देते. बँकेकडे हा पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. कार्ड वापरले की दुकानदाराच्या रकमेतून कमिशन कापले जाते, आणि जे ग्राहक पूर्ण बिल भरू शकत नाहीत त्यांच्याकडून व्याज मिळते. हा धंदा किती मोठा आहे, ते कोविडच्या काळात दिसले. विमाने जमिनीवर उभी असताना, २०२० मध्ये युनायटेडने आपली माइल्सची योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले, तर २०२१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने त्याच मार्गाने १० अब्ज डॉलर उभारले.

म्हणजे ‘फुकट’ तिकिटाचे पैसे कुणीतरी भरलेलेच असतात. प्रत्येक युक्ती तपासताना ते कुणी भरले हा प्रश्न सोबत ठेवला, तर बराच गोंधळ दूर होतो.

जाहीर केलेली ऑफर शब्दशः घेणे

१९९९ साली हेल्दी चॉइस या कंपनीने आपल्या खाद्यपदार्थांच्या बारकोडांवर माइल्स देऊ केले. कॅलिफोर्नियातले इंजिनिअर डेव्हिड फिलिप्स यांनी हिशेब मांडला, तेव्हा स्वस्त पुडिंगच्या किमतीपेक्षा त्यावर मिळणारे माइल्स कितीतरी मोलाचे निघाले. त्यांनी सुमारे ३,१०० डॉलर खर्चून १२,१५० कप घेतले आणि साडेबारा लाखांच्या आसपास माइल्स मिळवले. लेबले काढायला साल्व्हेशन आर्मीच्या लोकांनी मदत केली आणि पुडिंग त्या संस्थेलाच दान गेले. इथे कुणाशी खोटे बोलणे नव्हते. ऑफर कंपनीने स्वतः जाहीर केली होती, माल रोख पैसे देऊन घेतला होता आणि कंपनीने शब्द पाळला. असे वागणे कुणाला अतिरेकी वाटेल, पण त्याला अनैतिक म्हणता येणार नाही.

फक्त माइल्ससाठी स्वस्त आणि लांबचे तिकीट काढून उडणे हाही असाच प्रकार. प्रवासी पैसे भरतो, सीटवर बसतो, नियम पाळतो. कंपनीचे यात नुकसान असलेच तर ते तिच्याच दरपत्रकामुळे. पुढे कंपन्यांनी ते दुरुस्तही केले: डेल्टा आणि युनायटेड २०१५ पासून, अमेरिकन २०१६ पासून अंतराऐवजी भरलेल्या भाड्यावर माइल्स देऊ लागल्या. माझा या प्रकाराला आक्षेप वेगळ्या कारणासाठी आहे. कुठे पोचायचेच नसताना केलेल्या उड्डाणाचे इंधन जळतेच, आणि त्या धुराची किंमत माइल्स न मिळालेले लोकही भरतात.

खर्च न करता खर्च दाखवणे

अमेरिकेच्या टांकसाळीने २००८ मध्ये एक डॉलरची नाणी चलनात रुळावीत म्हणून ती दर्शनी किमतीला, घरपोच आणि टपालखर्चाशिवाय द्यायला सुरुवात केली. माइल्स जमवणाऱ्यांनी क्रेडिट कार्डावर हजारो नाणी मागवली, पेटी न फोडता बँकेत भरली आणि त्याच पैशांतून कार्डाचे बिल चुकते केले. माइल्स मिळाले आणि जवळचे काहीच गेले नाही. कायदा कुठे मोडला नव्हता, पण वाहतुकीचा आणि कार्ड-कमिशनचा भार सरकारी तिजोरीवर पडत होता आणि नाणी लोकांच्या हातात जातच नव्हती. अखेर जुलै २०११ मध्ये टांकसाळीने या योजनेत क्रेडिट कार्ड घेणे बंद केले. पैसे करदात्यांनी भरले होते. म्हणून ही युक्ती मला पुडिंगच्या पंक्तीत बसवता येत नाही.

आपल्याकडची याची आवृत्ती म्हणजे मित्राला ‘घरभाडे’ म्हणून कार्डावरून पैसे पाठवायचे आणि त्याच्याकडून परत घ्यायचे. ही युक्ती टांकसाळीच्या उदाहरणापेक्षा एक पायरी खाली उतरते, कारण नसलेले भाडे आहे असे इथे लिहून द्यावे लागते. बँकांच्या हे लक्षात आल्यावर २०२२ पासून अनेकांनी भाड्याच्या व्यवहारावर शुल्क लावले किंवा पॉइंट्स बंद केले. शिवाय वर्षभरात कार्डांची १० लाख रुपये किंवा त्याहून अधिक बिले भरली, तर बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. पगार आठ लाख आणि कार्डाची उलाढाल तीस लाख असेल, तर खुलासा मागितला जाऊ शकतो. तेव्हा ‘पॉइंट्ससाठी पैसे फिरवले’ हे उत्तर द्यायची वेळ येते.

अमेरिकेतल्या एका जोडप्यावर ती वेळ आली. त्यांनी दोन वर्षांत ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम प्रामुख्याने गिफ्ट कार्डांतून फिरवली आणि सुमारे ३ लाख डॉलर परतावा मिळवला. तिथल्या कर न्यायालयाने २०२१ मध्ये गिफ्ट कार्डांवरचा परतावा करमुक्त ठरवला. थेट घेतलेल्या मनी ऑर्डरींवरचा मात्र करपात्र धरला.

अर्ध्या वाटेत उतरणे

‘अ’ ते ‘ब’ या थेट तिकिटापेक्षा ‘अ’हून ‘ब’मार्गे ‘क’ला जाणारे तिकीट कधीकधी स्वस्त असते, कारण भाडे अंतरापेक्षा त्या मार्गावरच्या स्पर्धेवर ठरते. प्रवासी ‘क’चे तिकीट काढतो आणि ‘ब’ला उतरून जातो. यात धोके बरेच आहेत. चेक-इन केलेली बॅग ‘क’ला जाते. परतीचे तिकीट जोडलेले असेल तर ते आपोआप रद्द होते. वारंवार केल्यास कंपनी माइल्सचे खाते गोठवू शकते. लुफ्तान्साने तर एका प्रवाशाकडे सुमारे २,१०० युरो मागत खटला भरला. बर्लिनच्या न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये तो फेटाळला. अशी तिकिटे शोधून देणाऱ्या स्किपलॅग्ड कंपनीविरुद्ध मात्र टेक्सासमधल्या ज्युरीने २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सला ९४ लाख डॉलरची भरपाई दिली, तीही प्रामुख्याने कॉपीराइटच्या मुद्द्यावर.

मला हा प्रकार करारभंग वाटतो, चोरी वाटत नाही. विकत घेतलेली सीट रिकामी ठेवणे हा गुन्हा नव्हे. पण तिकीट काढताना आपण अटी मान्य केलेल्या असतात, आणि त्या मोडल्याचे परिणाम सोसायची तयारी ठेवावी लागते.

जिथे रेघ ओलांडली जाते

अमेरिकेत सिटी बँकेने ठरावीक लोकांना पत्रे पाठवून नव्या कार्डावर अ‍ॅडव्हांटेजचे बोनस माइल्स देऊ केले होते. काहींनी दुसऱ्यांच्या नावे आलेल्या पत्रांवरचे कोड वापरून एकामागून एक कार्डे काढली. २०१९ च्या अखेरीपासून अमेरिकन एअरलाइन्सने अशी खाती बंद केली, माइल्स जप्त केले आणि त्यांवर काढलेली तिकिटे रद्द केली. कंपनीची कारवाई कठोर होती, पण दुसऱ्याला दिलेली सवलत आपली म्हणून सांगणे खोटेपणाच होता.

कचेरीच्या पैशांवरच्या माइल्सचा प्रश्न याहून नाजूक आहे. जर्मनीत सरकारी दौऱ्यांवर मिळालेले माइल्स खासगी प्रवासाला वापरल्यावरून बर्लिनचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी जुलै २००२ मध्ये राजीनामा दिला. उलट अमेरिकेने २००१ च्या शेवटी कायदा करून संघीय कर्मचाऱ्यांना ते माइल्स स्वतःकडे ठेवायला परवानगी दिली. म्हणजे कृती एकच, पण मालकाने काय मान्य केले आहे त्यावर ती योग्य की अयोग्य हे ठरते. यात खरा घात तेव्हा होतो, जेव्हा आपल्याला माइल्स मिळावेत म्हणून कर्मचारी कंपनीच्या पैशाने मुद्दाम महागडे तिकीट काढतो.

नियम कुणाच्या हातात

बहुतेक योजनांच्या अटींत माइल्स कंपनीच्याच मालकीचे असतात. ती त्यांचे मोल कमी करू शकते आणि खाते बंदही करू शकते. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने २००८ मध्ये गिन्सबर्ग नावाच्या एका रब्बींचे सदस्यत्व वारंवार तक्रारी केल्याचे कारण देऊन काढून घेतले. कंपनीने सद्भावनेने वागले पाहिजे, असा त्यांचा दावा होता. १९७८ च्या कायद्यामुळे राज्यांच्या कायद्यांखाली असा दावा चालत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये एकमताने ठरवले. आपल्याकडे १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजचे शेवटचे विमान उडाले. जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी असल्याने सदस्यांचे माइल्स बुडाले नाहीत, पण ते जेटच्या विमानांत वापरण्याची सोय संपली.

हा करार एकतर्फी आहे आणि ग्राहक कायद्याने त्यात लक्ष घालावे, असे मला मनापासून वाटते. पण करार एकतर्फी असल्याने आपल्याला खोटे बोलायची मुभा मिळत नाही.

म्हणून कोणतीही युक्ती वापरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. याचे पैसे कोण भरणार आहे? मी काय करतोय ते बँकेच्या किंवा विमान कंपनीच्या माणसाला सरळ सांगू शकेन का? आणि उद्या खाते बंद झाले तर माझे किती जाईल? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लहान राहावे म्हणून माइल्स साठवून न ठेवता वापरत राहावेत.

आणि ज्यांना कार्डाचे पूर्ण बिल दरमहा भरता येत नाही, त्यांनी या वाटेला जाऊच नये. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते, तर खर्चावर मिळणारे बक्षीस बहुतेकदा एक-दोन टक्क्यांचे असते. बिल थकवणारा माणूस दुसऱ्या कुणाच्या तरी बिझनेस क्लासचे पैसे भरत असतो.